फोंड्यातील ॲम्प्लिफायर दुरुस्ती : आधी मोजणी, मग वीज

आमच्या देवळातील उत्सवी नाटकांना आणि भजनी सप्ताहाला लागणारा पॉवर ॲम्प्लिफायर गेल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर बंद पडला. त्याच्या प्रत्येक चॅनलला सी ५२०० आणि ए १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या, म्हणजे स्पीकरला प्रत्यक्ष ताकद पुरवणाऱ्या भागांच्या, चार-चार जोड्या आहेत. पहिल्या कारागिराने त्यांपैकी शॉर्ट झालेला एकच बदलला, फ्यूजच्या जागी जाड तार बसवली आणि स्पीकर जोडलेला असतानाच थेट २३० व्होल्टवर बटण दाबले. दोन सेकंदांत नवा ट्रान्झिस्टर गेला आणि स्पीकरची कॉइलही जळाली.

त्यानंतर ॲम्प्लिफायर फोंड्याच्या बाजारालगत असलेल्या एका लहानशा दुकानात नेला. तेथील वयस्क मेस्त्रींनी मला शेजारी बसू दिले, म्हणून त्यांच्या कामाची पद्धत मी जवळून पाहू शकलो. झाकण उघडल्यावर त्यांनी पाना उचलला नाही, मीटर उचलला. या यंत्रात अधिक ७५ आणि उणे ७५ व्होल्टच्या दोन रेल (आतल्या वीजपुरवठ्याच्या वाटा) आहेत, म्हणजे दोहोंमध्ये मिळून १५० व्होल्ट डीसी, आणि प्लग काढल्यावरही १०,००० मायक्रोफॅरडच्या वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरांत जीव घेण्याइतका विद्युतभार शिल्लक राहू शकतो. काही जण तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवतात. मेस्त्रींनी मात्र तारांना जाड आवरण असलेला १०० ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर काही क्षण टेकवून ठेवला आणि काढल्यावर पुन्हा मोजले, कारण कपॅसिटरमध्ये थोडा व्होल्टेज मागाहून परत चढतो.

मग वीज न देता तपासणी झाली. शॉर्ट झालेल्या ट्रान्झिस्टरांसोबत एक ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरांना चालवणारा ट्रान्झिस्टर) आणि ज्यांतून आउटपुट ट्रान्झिस्टरांचा प्रवाह जातो असे ०.२२ ओहमचे दोन एमिटर रेझिस्टरही गेलेले सापडले. पहिल्या दुरुस्तीत नेमके हेच पाहायचे राहिले होते. मूळ बिघाडाचे कारण पंखा होता : खारट दमट हवेने गंजून तो अडकला होता आणि हीट सिंकच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, फटी धुळीने बुजल्या होत्या. मेस्त्रींनी त्या चॅनलचे आठही ट्रान्झिस्टर एकाच लॉटचे घातले, अभ्रकाच्या नव्या चकत्या व पेस्ट लावली आणि प्रत्येक कलेक्टर (ट्रान्झिस्टरच्या धातूच्या पाठीला जोडलेले टोक) हीट सिंकपासून विजेच्या दृष्टीने वेगळा आहे ना, हे मीटरवर पाहिले.

पहिली वीज १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे वाटेत जोडलेल्या आणि प्रवाह आवरणाऱ्या बल्बमधून, दिली, तीही स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि कपॅसिटर भरताच मंदावला; तो तसाच तेजाळत राहिला असता, तर शॉर्ट अजून बाकी आहे असे समजून तिथेच थांबायचे होते. आउटपुटवर केवळ १४ मिलिव्होल्ट डीसी आढळला, तेव्हा कुठे बल्ब काढून पूर्ण व्होल्टेजवर बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरांतून वाहणारा ठरावीक लहान प्रवाह) लावला : एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून सुमारे ४५ मिलिअँपिअर. बल्बवर रेल खाली येत असल्याने तिथे लावलेला बायस भरवशाचा नसतो, हे त्यांनी मला आवर्जून सांगितले. पुढे ८ ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) अर्धा तास चालवून, यंत्र तापल्यावर त्यांनी बायस पुन्हा तपासला.

तक्रार करायची तर दोन गोष्टींची. काम नऊ दिवस चालले आणि फोनवर खर्चाचा अंदाज काही केल्या मिळत नाही. त्यामुळे चतुर्थी किंवा जत्रा आठवड्यावर आली असेल, तर येथे जाऊन उपयोग नाही, महिनाभर आधी जावे. जळालेले सर्व भाग त्यांनी पिशवीत घालून परत दिले आणि फ्यूजच्या खोबणीशेजारी योग्य अँपिअरचा आकडा मार्करने ठळक लिहून ठेवला. त्यानंतर तीन रात्रींची नाटके याच ॲम्प्लिफायरवर झाली आणि हीट सिंक शेवटपर्यंत हात ठेवता येईल इतकाच गरम राहिला.