अमेरिकेतला फ्लॅट, कोकणातले वारस : रत्नागिरीतील एका कर सल्लागार कार्यालयाविषयी

रत्नागिरीत एनआरआय मंडळींची करविषयक कामे करणारे सीए मिळतात, पण त्यांचे काम बहुधा विवरणपत्र भरणे, एनआरओ या त्यांच्या इकडच्या बँक खात्यातील पैसे बाहेर पाठवण्यासाठी दाखला देणे आणि घर विकताना कापला जाणारा टीडीएस कमी करून घेणे एवढ्यावर थांबते. आमच्या घरचा प्रश्न त्याच्या उलट दिशेचा होता. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, न्यू जर्सीत वर्क व्हिसावर नोकरी करून आई-वडिलांसाठी परत आले आणि आता कायमचे रत्नागिरीकर झाले आहेत. मात्र तिकडचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे आणि जुन्या कंपनीचे शेअर तिकडच्याच ब्रोकरकडे पडून आहेत. आपल्या पश्चात वहिनी आणि मुलांना अमेरिकेत किती कर भरावा लागेल, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

ज्या कार्यालयाविषयी लिहितो आहे त्याचे नाव देत नाही, कारण येथे काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत. तरीही शिफारस करतो. दोन देशांमधील कोणता करविषयक करार आपल्या उपयोगाचा नाही हे त्यांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितले, आणि माझ्या मते या विषयातील निम्मी फी तेवढ्यासाठीच द्यावी.

त्याआधी दुसऱ्या एका शहरातील सल्लागाराने दादांना फोनवर निश्चिंत केले होते : भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. करार आहे, १९८९ साली झालेला आहे, हे खरेच. येथील कार्यालयातील सल्लागार मॅडमनी त्या कराराचे दुसरे कलम छापून समोर ठेवले आणि करार कोणत्या करांना लागू होतो ती यादी पेन्सिलीने अधोरेखित केली. यादी प्राप्तिकराची आहे. मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणारा एस्टेट टॅक्स तिच्यात नाही. अमेरिकेने त्या करापुरते वेगळे करार ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा मोजक्या देशांशी केले आहेत आणि भारत त्यांत नाही. म्हणून अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि तेथे अधिवास, म्हणजे कायमचे राहण्याच्या इराद्याने केलेले घर, नसलेल्या भारतीयाला तिकडचा मूळ कायदा जसाच्या तसा लागतो.

हा मूळ कायदा कठोर आहे. अमेरिकी नागरिकाला, किंवा तेथे अधिवास असलेल्याला, २०२६ मधील मृत्यूसाठी दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. या दोन्हींत न बसणाऱ्या परक्याला ती फक्त ६०,००० डॉलरची आहे, आणि कराचा दर १८ टक्क्यांपासून चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. मॅडमनी आमच्यासमोरच हिशेब मांडला. फ्लॅट पाच लाखांचा आणि शेअर दोन लाखांचे धरून मालमत्ता सात लाख डॉलरची होते, आणि कोणतीही वजावट न धरता तीवर २,१६,८०० डॉलर कर येतो. शेअरचे कागद रत्नागिरीतल्या तिजोरीत ठेवले तरी फरक पडत नाही, कारण अमेरिकी कंपनीचा शेअर ही अमेरिकेतीलच मालमत्ता मानली जाते. याउलट तेथील बँकेतल्या साध्या ठेवी, त्या तिथल्या धंद्याशी जोडलेल्या नसतील तर, परक्याच्या बाबतीत या करातून वगळल्या जातात.

करार असता तर काय झाले असते, हेही त्यांनी विचारण्यापूर्वीच दाखवले. हेच शेअर लंडनमध्ये अधिवास असलेल्या ब्रिटिश नागरिकाच्या नावावर असते, तर ब्रिटन-अमेरिका करारामुळे अमेरिकेने ते सोडून दिले असते. जर्मनीशी झालेल्या करारात मोठ्या अमेरिकी सुटीचा प्रमाणशीर वाटा परक्यालाही मिळतो. मालमत्ता तीच, कायदा तोच, आणि मालकाचा अधिवास कोणत्या देशात आहे यावर काही लाख डॉलरचा फरक. दादा हे ऐकून बराच वेळ हिशेबाच्या कागदाकडे पाहत राहिले.

वहिनींचा प्रश्न नेमका होता. फ्लॅटवर त्यांचेही नाव आहे, तेव्हा निम्माच भाग मोजला जाईल ना? आपल्याकडे सातबाऱ्यावर नावे चढली की हिस्से ठरले अशी समजूत असते, तोच हिशेब त्यांनी लावला होता. मॅडमचे उत्तर असे की, हयात जोडीदार अमेरिकी नागरिक नसेल, तर अशा संयुक्त मालमत्तेची संपूर्ण किंमत मृताच्या नावावर धरली जाते. आपण स्वतःचे पैसे घातले होते असे दुसऱ्याला सिद्ध करता आले, तरच तेवढा भाग वगळतात. नागरिक जोडीदाराला मिळणारी अमर्याद वजावटही अशा वेळी नसते. त्यासाठी विशिष्ट प्रकारचा ट्रस्ट करावा लागतो. वहिनींनी लगेच जुन्या पगाराच्या पावत्या कोठे आहेत ते सांगितले. त्या तेथे शाळेत नोकरीला होत्या, आणि त्यांचा पगारही फ्लॅटच्या हप्त्यांत गेला होता.

फ्लॅटवरील कर्ज वजा करण्याचा मुद्दा मात्र मला सर्वांत रंजक वाटला. कर्जदार व्यक्तिशः बांधील असलेले कर्ज पूर्ण वजा होत नाही. जगभरातील एकूण मालमत्तेच्या तुलनेत अमेरिकेतील हिस्सा जेवढा, त्या प्रमाणातच ते वजा होते. म्हणजे ती वजावट हवी असेल तर मृत्यूनंतर नऊ महिन्यांत भरायच्या एस्टेट टॅक्सच्या ७०६-एनए या अर्जात घर, सोने, बँकेतील पैसे आणि गणेशगुळ्याची आंब्याची बागही किमतीसह दाखवावी लागते. आमच्या बागेत चुलत्यांचे सामाईक हिस्से आहेत आणि वारस नोंदीचा एक फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे. हापूसच्या कलमांचे मूल्यांकन अमेरिकेच्या महसूल खात्याला पाठवायचे, ही कल्पना तलाठ्याला कशी समजवावी हा वेगळाच प्रश्न आहे.

उपायांच्या बाबतीत कार्यालय सावध वाटले, आणि ते मला आवडले. परदेशी कंपनी काढून तिच्या नावावर फ्लॅट करण्याचा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. एका फ्लॅटसाठी तो खर्च आणि व्याप परवडणारा नाही, असे त्यांनी सांगून टाकले. त्यांचा सल्ला साधा होता : शेअर टप्प्याटप्प्याने विकावेत, आणि फ्लॅट ठेवायचाच असेल तर येऊ शकणाऱ्या कराएवढा आयुर्विमा घ्यावा, कारण परक्याच्या स्वतःच्या जीवनावरील विम्याची रक्कम एस्टेट टॅक्समध्ये धरली जात नाही. फ्लॅट विकल्यास खरेदीदार साधारणपणे विक्रीच्या पूर्ण रकमेवर १५ टक्के कापून भरतो, नफ्यावर दादांना दोन्ही देशांत विवरण द्यावे लागते, आणि तेथे भरलेल्या करापुरती सवलत येथे मिळते. १९८९ चा करार कामाला येतो तो येथे.

आमच्या ताईचा प्रश्न जाता जाता निघाला आणि त्यालाही पूर्ण वेळ मिळाला. ती लंडनला असते आणि तिची इकडची मालमत्ता पावसला आहे. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून वारसा कराचा पाया अधिवासाऐवजी दीर्घकालीन निवासावर नेला. वीसपैकी दहा वर्षे तेथे राहिलेल्या माणसाच्या जगभरातील मालमत्तेवर, ३,२५,००० पौंडांच्या मूळ सुटीनंतर, ४० टक्के कर लागू शकतो. भारतात इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणारा आपल्याकडचा जुना कर, १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना लागत नाही, तरी त्या काळातला १९५६ चा भारत-ब्रिटन करार अजून चालू आहे. भारतीय कायद्यानुसार अधिवास भारतातच राहिला असेल, तर मृत्यूच्या वेळी ब्रिटनबाहेर असलेली मालमत्ता त्या करारामुळे वाचते. ब्रिटनमधल्या घराला त्याचा उपयोग नाही, हयातीत दिलेल्या भेटींनाही नाही. शिवाय इकडची मालमत्ता ब्रिटिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने जात असेल तर हे संरक्षण हातचे जाते, म्हणून पावसच्या घराचे मृत्युपत्र वेगळे, भारतीय कायद्यानुसार करून घ्यावे, असा सल्ला मिळाला. गणपतीला दरवर्षी घरी येणे हा अधिवासाचा पुरावा होतो का, असे ताईने व्हिडिओ कॉलवर विचारले. कायमचे परतण्याचा इरादा कागदोपत्री आणि वागण्यात दिसायला हवा, नुसती सुट्टी पुरणार नाही, असे उत्तर आले.

आता तक्रारी. लेखी अहवाल इंग्रजीत आला आणि मराठी सारांश मागूनही मिळाला नाही. ज्या वहिनींना पुढे हे सारे निस्तरायचे आहे, त्यांच्यासाठी तोच महत्त्वाचा होता. दुसरे, अमेरिकेतील राज्याचा कर अहवालात सुरुवातीला नव्हता. न्यू जर्सीचा स्वतःचा वारसा कर आहे. जोडीदार आणि मुलांना त्यातून सूट आहे, भावाला मात्र २५,००० डॉलरच्या पुढे ११ टक्क्यांपासून तो लागतो. हे आम्ही विचारल्यावर कळले, आणि फ्लॅटचा थोडा हिस्सा माझ्या नावे ठेवण्याचा दादांचा विचार तेथेच मिटला. तिसरे, येथील फी आधी ठरवून सांगितली जाते, पण अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी वकिलाचे बिल डॉलरमध्ये वेगळे येते, आणि त्याचा अंदाज पहिल्या बैठकीत द्यायला हवा होता.

जायचे असल्यास गणपती आणि डिसेंबरची सुट्टी टाळावी, कारण तेव्हा परदेशातून आलेल्यांची रीघ असते आणि बैठक घाईत उरकली जाते. सोबत पासपोर्टच्या सर्व जुन्या प्रती, फ्लॅटचे खरेदीखत, कर्जाचे विवरण, ब्रोकरचा अलीकडचा गोषवारा आणि येथील मिळकतींचे ताजे उतारे न्यावेत. सामाईक जमीन असेल तर फेरफाराची प्रतही न्यावी. ती नसल्याने आमची एक बैठक पुढे ढकलावी लागली.