लिव्हरमधला डाग: सीटी, साधा कॉन्ट्रास्ट एमआरआय की वीस मिनिटं थांबवणारा एमआरआय?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'एसओएल' ही अक्षरं आली की घरातली झोप उडते. त्याचा अर्थ एवढाच, की लिव्हरमध्ये काहीतरी जागा अडवून बसलंय. रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असेल, पाण्याची गाठ असेल, कॅन्सरही असेल. मग डॉक्टर पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतात आणि रत्नागिरीतच करायचं, आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं की गोव्यात बांबोळीला जायचं, असा खल सुरू होतो. मी बरीच वर्षं एमआरआयच्या कन्सोलवर काढली आहेत. गाव नंतर ठरवा. आधी डॉक्टरांना विचारा, शोधायचं काय आहे: 'हा डाग कसला?' की 'असे आणखी किती?'

ताप आहे, उजव्या कुशीत ठणका आहे आणि सोनोग्राफीत गळू दिसतंय, तर एमआरआयच्या मागे सहसा लागावं लागत नाही. बहुतेकदा सोनोग्राफी आणि रक्ततपासणीवरच भागतं.

ट्रायफेजिक सीटी सगळ्यांत लवकर उरकतो. टेबलावर जेमतेम काही मिनिटं. हातातून आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, सोडतात आणि ते लिव्हरमधून जाताना तीन टप्प्यांवर फोटो घेतात. लिव्हरला साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं धमनीतून. लिव्हरचा मूळ कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीवरच पोसतो. म्हणून तो पहिल्या टप्प्यात उजळतो आणि पुढच्या टप्प्यांत आजूबाजूपेक्षा काळवंडतो. सिऱ्होसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलंय, पोटात पाणी झालंय, धाप लागते, अशा माणसाला मी सीटीच सुचवेन, कारण हलल्यामुळे बिघडलेल्या एमआरआयपेक्षा नीट आलेला सीटी कधीही बरा. तोटे म्हणजे क्ष-किरण, आणि एक सेंटिमीटरहून लहान गाठी त्यात निसटू शकतात.

आमच्या किनाऱ्यावर हमखास येणारा प्रश्न: "कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, मग हे इंजेक्शन चालेल?" चालतं. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनशी तिचा संबंध नाही. पूर्वी कॉन्ट्रास्टच्याच इंजेक्शनने त्रास झाला असेल तर ते मात्र आठवणीने सांगा.

एमआरआयचं कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियम या धातूचं असतं. साध्या गॅडोलिनियमच्या एमआरआयमध्येही कॉन्ट्रास्टचे हेच टप्पे पाहतात, पण क्ष-किरणांशिवाय. शिवाय डिफ्यूजनचे फोटो मिळतात, ज्यांत दाट पेशींच्या गाठी उठून दिसतात. 'हा डाग कसला?' याला माझी पहिली पसंती हीच. हिमॅन्जिओमा, म्हणजे तो रक्तवाहिन्यांचा गुंता, यात छान ओळखू येतो: खाडीत भरतीचं पाणी कडेकडेनं आत शिरावं तसं कॉन्ट्रास्ट काठावरून ठिपक्याठिपक्यांनी मध्याकडे भरत जातं.

आता तिसरा प्रकार. यात गॅडोक्झेटेट नावाचं गॅडोलिनियमचंच औषध लागतं, बाजारात प्रायमोव्हिस्ट म्हणून ओळखलं जातं. त्याचा साधारण निम्मा भाग लिव्हरच्या पेशी शोषून घेतात आणि पित्तातून बाहेर टाकतात, उरलेला मूत्रपिंडातून जातो. इंजेक्शननंतर सुमारे वीस मिनिटांनी निरोगी लिव्हर पांढरंशुभ्र उजळतं. दुसरीकडून पसरून आलेल्या गाठीत लिव्हरच्या पेशीच नसतात, त्यामुळे ती तांदळातल्या काळ्या खड्यासारखी दिसते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर लिव्हरचा भाग कापायचा ठरत असेल, तर सर्जनला नेमका आकडा हवा असतो. त्यात केमोमुळे लिव्हरमध्ये चरबी साठली असेल तर सीटीवर लहान गाठी आणखी पुसट होतात. अशा वेळी जास्तीचा खर्च करून हाच एमआरआय करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तरुण बाईच्या लिव्हरमधली गाठ एफएनएच की ॲडिनोमा (दोन्ही कॅन्सर नसलेल्या गाठी), हा पेचही बऱ्याचदा याने सुटतो. एफएनएचमध्ये काम करणाऱ्या लिव्हरपेशी असतात, म्हणून ती उजळते. ॲडिनोमा बहुतेकदा काळाच राहतो.

पण 'महाग म्हणजे चांगला' असं धरून चालू नका. या औषधाचा डोस साध्या गॅडोलिनियमच्या चौथ्या हिश्शाइतका, त्यामुळे धमनीचा टप्पा फिका येऊ शकतो. आणि नेमक्या त्याच क्षणी काहींचा फोटोसाठी रोखलेला श्वास सुटतो. खाडीत बुडी मारून कालवं काढणारे एक काका माझ्याकडे आले होते. "दम रोखायचं मला नको शिकवू," म्हणाले, आणि इंजेक्शन गेल्यावर दहाव्या सेकंदाला त्यांचाच श्वास सुटला. नंतरचे टप्पे झकास आले, धमनीचा मात्र धुरकट. हिमॅन्जिओमाही वीस मिनिटांनी काळा दिसतो, म्हणजे उगाच धास्ती. कावीळ चढलेली किंवा सिऱ्होसिस पुढे गेलेला असेल, तर लिव्हर औषध नीट शोषतच नाही आणि पैसे भरून हाती फारसं लागत नाही.

मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर तिन्ही प्रकारांत क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी दाखवा. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं ते सांगणारा आकडा, 30 च्या खाली असेल तर कुठलं गॅडोलिनियम द्यायचं, द्यायचं की नाही, हे रेडिओलॉजिस्टना ठरवू द्या. गॅडोलिनियमच्या काही जुन्या प्रकारांमुळे अशा रुग्णांची कातडी कडक होत जाणारा आजार झाल्याचं 2006 पासून माहीत आहे. पेसमेकर किंवा अंगात जुनी धातूची वस्तू असेल तर तेही आधीच सांगायचं.

एका ठिकाणी 'लिव्हर एमआरआय' म्हणून एका आजींचा नुसता प्लेन, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा, एमआरआय काढून दिला. त्यांना आठवड्याने परत घाट चढावा लागला. म्हणून गाडी ठरवण्याआधी फोन करा. कॉन्ट्रास्ट कोणतं देणार? प्रायमोव्हिस्ट सांगितलं असेल तर ते सेंटरवर ठेवतात की मागवावं लागतं? वीस मिनिटांनंतरचे फोटो घेतात ना? किती तास उपाशी यायचं? आणि जुन्या सोनोग्राफी-सीटीच्या फिल्म, सीडी पिशवीत टाका. गेल्या वर्षीही तो डाग तेवढाच होता, हे कळलं तर कधीकधी पुढचं काहीच करावं लागत नाही.