हिंजवाला एएफओ, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं अडतं ते घोट्याच्या पट्ट्यावर

एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल जागेवर धरणारा, पोटरीपर्यंतचा प्लास्टिकचा आधार, कशासाठी देतात आणि माप कसं घेतात, हे इथे सांगत नाही. हा अनुभव पायाच्या साच्यावरून बनवलेल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या, घोट्यापाशी हिंज (बिजागरी) असलेल्या जोडीचा आहे. मूल सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलेला), चवड्यांवर चालणारं. वापर जवळजवळ दिवसभर. लिहायचं कारण म्हणजे घोट्यावरच्या पट्ट्याचं रिव्हेट (ठोकून कायमची बसवलेली खिळी) उपटलं आणि बनवणाऱ्याकडून उत्तर आलं, "तोवर तसाच वापरा, पुढच्या मापाला नवीन जोडी करू." हे उत्तर मुळातच चुकीचं आहे, आणि ते ऐकून गप्प बसणाऱ्या पालकांसाठी हे सविस्तर.

पोटरीचा पट्टा थोडा ढिला असला तर निभावतं. घोट्याचा ढिला असला तर बाकीचं सगळं प्लास्टिक बिनकामाचं. घट्ट पोटरी टाचेला सतत वर ओढत असते. टाचेला मागे आणि खाली दाबून धरणारा हा एकच पट्टा. तो सुटला की टाच आतल्या आत उचलली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला नडगी आणि पावलात काटकोन दिसतो, पण तो प्लास्टिकचा असतो, पावलाचा नव्हे. पोटरीला ताण मिळत नाही, भार पावलाच्या मध्यावर येतो, कमान आतल्या बाजूला कोसळते आणि तिथलं हाड प्लास्टिकवर घासून लाल होतं. मग "एएफओ टोचतो" म्हणून तो कपाटात जातो. टोचण्याच्या तक्रारीत आधी टाच जागेवर आहे का ते बघा, प्लास्टिक तापवून फुगवायचं नंतर.

टाच बसली की नाही हे कसं कळणार? फिटिंगच्या दिवशी, टाच पक्की मागे असताना, अंगठा जिथे संपतो तिथे आतल्या तळावर पेनाने रेघ मारून ठेवा. अंगठा रेघेच्या पुढे गेला म्हणजे टाच पुढे सरकली. नवीन जोडी करणार असाल तर टाचेच्या मागे बोटाच्या टोकाएवढं भोक मागून घ्या. पायमोजा भोकाला टेकलेला दिसला की झालं.

घालताना मुलाला पाय लांब करून बसवू नका. गुडघा सरळ असला की पोटरी ताणलेली असते आणि मूल तळवा खाली ढकलतं. स्टुलावर बसवा, कंबर आणि गुडघा काटकोनात. मोजा पोटरीपर्यंत उंच, सुती, शक्यतो शिवण नसलेला, सुरकुती काढा. पाऊल वर वाकवून टाच मागे दाबा, गुडघ्यावरून खाली थोडा भार द्या आणि आधी घोट्याचा पट्टा लावा. मग पोटरीचा, चवड्याचा असल्यास शेवटी. पोटरीचा आधी लावला तर टाच वर असतानाच पाय अडकतो, आणि नंतर कितीही ओढलं तरी ती खाली जात नाही.

आता पट्ट्याची बनावट. तो घोट्याच्या पुढच्या घडीवरून, साधारण ४५ अंशांत मागे-खाली ओढला गेला पाहिजे. नडगीवर चढलेला पट्टा टाचेला धरत नाही. कडीतून उलटा फिरवून लावायचा प्रकार घ्या. नुसता चिकटवायचा पट्टा पुरेसा ताणता येत नाही. इलास्टिक नकोच. खाली मऊ पॅड हवं, नाहीतर पालक वळ उठतील म्हणून सैल बांधतात. आणि रिव्हेटऐवजी काढता-घालता येणारा स्क्रू मागा. मूल वाढायला लागणाऱ्या वेळात वेल्क्रो हमखास आधी थकतं. सुटे पट्टे जोडीबरोबरच मिळायला हवेत. वीतभर पट्टीसाठी अख्खी जोडी बदलायला लावणं हा निव्वळ पैशांचा अपव्यय आहे. प्लास्टिकला मात्र घरी नवीन भोक पाडू नका, तिथून तडा जाऊ शकतो.

वेल्क्रोच्या खरखरीत बाजूत मोज्याचे धागे आणि केस अडकतात. जुन्या टूथब्रशने ते काढले की पकड बरीच परत येते. काढून ठेवताना पट्टे बंद करून ठेवा. पुसायला कोमट पाणी पुरतं; उन्हात किंवा हीटरजवळ वाळवलं तर आकार बिघडू शकतो.

हिंजबद्दल सुरुवातीला माझं मत फारच चांगलं होतं: चवडा खाली जायला अटकाव, नडगी पुढे झुकायला मोकळीक, त्यामुळे स्टुलावरून उठणं, उकिडवं बसणं, जिना चढणं सुटसुटीत. आता त्याला दोन अटी जोडतो. गुडघा सरळ असताना आणि टाच आत-बाहेर न वळता पाऊल काटकोनाच्या थोडं वर येत नसेल, तर हिंजची मोकळीक घोट्याला मिळत नाही, पावलाचा मध्यच मोडतो. दुसरं, मूल गुडघे वाकवून चालायला लागलं तर हिंज नडगीला पुढे पडू देतो आणि वाकणं वाढतं. तेव्हा हिंजशिवायचा किंवा नडगीला पुढून आधार देणारा प्रकार लागतो. हे थेरपिस्टने चालणं बघून ठरवायचं असतं आणि मूल वाढताना पुन्हा पुन्हा तपासायचं असतं. हिंजचे स्क्रू ढिले होतात; आठवड्यातून एकदा हाताने हलवून बघा.

नवीन जोडी पहिल्या दिवशी तासभरच, मग रोज थोडी वाढवत एक-दोन आठवड्यांत पूर्ण वेळ. काढल्यावर घोट्याची दोन्ही हाडं, टाच, कमान आणि करंगळीकडची कड बघा. लाली २०-३० मिनिटांत गेली तर ठीक, नाही गेली किंवा फोड आला तर त्या दिवशी पुन्हा घालू नका, दाखवून घ्या. स्पायना बिफिडाच्या (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेल्या) मुलांना पायाला संवेदना कमी असू शकते. ती रडणार नाहीत, त्यामुळे तपासणी जास्त वेळा.

बूट आतला सोल काढून, पुढेपर्यंत उघडणारा, सपाट तळाचा. बुटाशिवाय फरशीवर एएफओ घसरतो.

रोज काही वेळ जमिनीवर अनवाणी खेळ हवाच, घोट्याच्या स्नायूंना स्वतः काम करायची संधी मिळते. रांगताना तर एएफओ आडवाच येतो.

प्लास्टिकबद्दल पूर्ण समाधान, हिंजबद्दल वरच्या दोन अटींसह, पट्टा नापास. बोटं तळाच्या कडेबाहेर यायला लागली किंवा वरची कड पोटरीत रुतायला लागली, की वर्ष झालं नसलं तरी नवीन माप द्या. त्या मापाच्या कागदावर "घोट्याचा पट्टा कडीवाला, पॅडसह, स्क्रूने बसवलेला, सुटे पट्टे सोबत" असं लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम भरा.