लवकरचं विमान पकडायचं की रात्रीपर्यंत थांबायचं? स्वस्त तिकिटाचा खरा हिशेब

मुंबईत बीकेसीतली (वांद्रे-कुर्ला संकुलातली) मीटिंग साडेबाराला संपते. नागपूरचं विमान रात्री आठनंतरचं. ॲप उघडावं तर त्याच कंपनीचं ४:२० चं विमान दिसतं, सीटही शिल्लक असतात. पण तिकीट असतं दोन महिन्यांपूर्वी काढलेलं, सगळ्यात स्वस्त भाड्याचं, ज्यात फुकट बदल बसत नाही. महिन्यातून दोनदा मुंबई-नागपूर करताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो. बाबा तिकडे एकटेच असतात. संध्याकाळी सहाला पोचले तर रात्रीचं जेवण त्यांच्याबरोबर होतं, दहाला पोचले तर ते झोपलेले असतात. त्यामुळे या चार तासांची किंमत मी अगदी मनापासून मोजते.

पहिली गोष्ट. ‘चेंज फी ३,०००’ एवढं वाचून निर्णय घेऊ नका. फीच्या वर फेअर डिफरन्स लागतो, म्हणजे तुमचं जुनं भाडं आणि लवकरच्या विमानाचं आजचं भाडं यांतला फरक. विमानातल्या सीट वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गट आधी संपतात आणि त्या दिवशी दुपारी बहुधा महागडाच उरतो. उलट, लवकरचं विमान स्वस्त असलं तरी स्वस्त भाड्यांवर वरचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

म्हणून आधी एक काम करा. तिकीट नव्यानेच काढायचंय असं समजून लवकरच्या विमानाचं भाडं बघा, आणि त्याच वेळी बाकीच्या कंपन्यांचंही. आता समजा, जुनं तिकीट ३,६०० चं, ४:२० चं विमान आज ७,८००, चेंज फी ३,०००. बदलाला लागतील ३,००० अधिक ४,२००, म्हणजे ७,२००. आणि जुनं रद्द करून नवं काढलं तर? डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिचा नियम असा आहे की रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि प्रवासच झाला नाही तर कर व विमानतळाची शुल्कं परत द्यावी लागतात. सेलच्या तिकिटालाही हे लागू आहे. मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत विमानाच्या तिकिटात २०० रुपये सुरक्षा शुल्क आणि मे २०२५ पासून १७५ रुपये वापरकर्ता विकास शुल्क असतं. बाकी काही न मिळता फक्त हे ३७५ परत आले असं धरलं तर नव्या तिकिटाचा खरा भार ७,४२५. म्हणजे बदल आणि नवं तिकीट यांत फरक उरला अवघा २२५ रुपयांचा!

हे लक्षात येईपर्यंत मी कित्येकदा मुकाट्याने ‘चेंज फ्लाइट’ दाबलंय. जुनं तिकीट स्वस्त असेल तर चेंज फी त्याची जवळजवळ सगळी किंमत खाऊन टाकते, मग त्याच कंपनीला धरून राहायचं कारणच उरत नाही. दुसऱ्या कंपनीचं साडेतीनचं विमान ६,९०० ला मिळत असेल तर तेच घ्यावं.

जुनं तिकीट महाग असेल तर चित्र बदलतं. तेच तिकीट ६,५०० ला काढलेलं असेल तर बदलाला ४,३०० लागतात. भाडं ‘परतावा नाही’ प्रकारचं असेल तर नवं तिकीट पुन्हा ७,४२५ लाच पडतं, म्हणजे बदल तीन हजारांहून जास्त फरकाने स्वस्त. पण शुल्क कापून बाकीचे पैसे देणारं भाडं असेल आणि ते शुल्क समजा ३,५०० असेल, तर ३,००० परत येतात, नव्याचा भार ४,८०० होतो आणि फरक ५०० वर येतो. तेव्हा तिकिटावरच्या भाड्याच्या अटींत ‘रद्द केल्यास’ ही ओळ ‘बदल केल्यास’ या ओळीइतकीच नीट वाचा.

नवं तिकीट घ्यायचं ठरलं तर आधी नवं हातात येऊ द्या, मगच जुनं रद्द करा. मात्र ते रद्द कराच, नो-शो होऊ देऊ नका, म्हणजे रद्द न करता नुसतंच गैरहजर राहू नका. ॲपवरून बदल किंवा रद्द करण्याची मुदत विमान सुटण्याच्या काही तास आधी संपते. एकाच पीएनआरवर पुढचा टप्पा किंवा परतीचं तिकीट असेल तर मात्र या वाटेला जाण्याआधी कंपनीला फोन करा, कारण पहिला टप्पा सोडला की पुढचे आपोआप रद्द होऊ शकतात. चौघांच्या पीएनआरमधून एकालाच लवकर जायचं असेल तर आधी पीएनआर वेगळा करून घ्यावा लागतो. तिकीट एखाद्या पोर्टलवरून काढलं असेल तर बदल बहुधा त्यांच्याकडूनच करावा लागतो, आणि त्यांचं शुल्क वेगळं. घाईच्या दिवशी हे फार जड जातं.

काउंटरवर जाऊन लवकरच्या विमानात बसवण्याची विनंती करण्याबद्दल बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्या त्याच दिवशीच्या आधीच्या विमानासाठी स्टँडबाय यादीत, म्हणजे सीट उरली तर बसवण्याच्या यादीत, नाव घेतात. तिकडून आलेल्या नातेवाइकांकडून ते ऐकून इथेही तसंच होईल असं वाटतं. आपल्याकडे स्वस्त देशांतर्गत तिकिटावर त्यावर भिस्त ठेवू नये. एक प्रसंग वेगळा. तुमच्या विमानाची वेळ कंपनीनेच बरीच बदलली असेल तर फुकट दुसरं विमान मागा, अजिबात संकोच करू नका. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवडायचा हक्क नियमानेच आहे.

एक चूक मी केली आहे, ती तुम्ही टाळा. मेट्रोत बसल्या बसल्या मी रात्रीच्या विमानाचं वेब चेक-इन करून टाकलं आणि मग लवकरचं विमान बघितलं. चेक-इन झाल्यामुळे ॲप बदल करू देईना. काउंटरवर ते रद्द करून घेण्यासाठी चाळीस मिनिटं रांगेत गेली, तोवर ४:२० च्या विमानाचं चेक-इन बंद झालं होतं. बॅग काउंटरवर दिली असेल तर लवकरच्या विमानाचा विचारच सोडलेला बरा.

थांबण्याची बाजू घ्यायची तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मी बऱ्याचदा थांबते. सहा-सात हजारांत बाबांचं महिन्याचं औषध येतं. पावसाळ्यात मात्र माझा कल पैसे भरण्याकडे असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरली जाते. दुपारी जोराचा पाऊस झाला की उशीर साचत जातो, आणि दिवसभर फिरत आलेलं तुमचं रात्रीचं विमान तो सगळा घेऊन येतं. जुलैत ज्याला त्याच रात्री पोचायचंच आहे, त्याने लवकरचंच घ्यावं. रेल्वेचा पर्याय नागपूरसाठी नाही, दुरांतो सकाळी पोचते. अहमदाबादला जायचं असेल तर मुंबई सेंट्रलची दुपारची वंदे भारत जरूर बघा.

पैसे भरण्याआधी लवकरचं विमान सुटतं कुठून ते तपासा. इंडिगोची विमानं मुंबई विमानतळाच्या टी-१ (टर्मिनल १) वरूनही सुटतात आणि टी-२ वरूनही. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही यादीत आलाय. यादीत तिन्ही ‘मुंबई’च दिसतात, आणि बीकेसीतून उलवे, म्हणजे नवी मुंबईचा विमानतळ, गाठणं हा वेगळाच प्रवास. टी-१ किंवा टी-२ असेल तर बीकेसीहून मेट्रो ३ घ्या, वाटेत आधी टी-१ लागतं, मग सहार रोड, मग टी-२.

४:२० चं विमान म्हणजे काउंटर ३:२० ला बंद. तिकीट, मेट्रो, दारावरची तपासणी धरून मी स्वतःला दीडची मुदत देते. दीडपर्यंत आकडा जमला नाही तर ॲप बंद करून बाबांना फोन करते, की जेवून घ्या, मी रात्री येतेय.