ग्रँड कॅन्यन साउथ रिम: मेरी कोल्टरच्या इमारती नुसत्या फोटोपुरत्या बघू नका

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला, म्हणजे दक्षिण कड्यावर, जाणारे बहुतेक लोक दरी बघतात, फोटो काढतात आणि निघतात, पण इथल्या काही इमारती नीट बघाच, कारण त्या मेरी कोल्टर नावाच्या बाईने डिझाइन केल्यात, तेही बायका आर्किटेक्ट असणं फार दुर्मिळ होतं त्या काळात. लुकआउट स्टुडिओ (1914) लांबून पटकन सापडतच नाही, तिथल्याच चुनखडीच्या दगडात बांधलाय आणि वरची कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवलीय, त्यामुळे कड्याचाच भाग वाटतो.

माझा फेवरेट मात्र डेझर्ट व्ह्यू वॉचटॉवर, 1932 चा, साधारण 70 फूट उंच. आत स्टीलचा सांगाडा आहे हे सांगूनही खरं वाटत नाही, इतका तो जुन्या प्युब्लो (तिथल्या मूळ रहिवासी) लोकांच्या बुरुजांसारखा दिसतो! आतली होपी (तिथलीच एक मूळ जमात) चित्रं फ्रेड काबोटी या होपी चित्रकाराची, जिना चढताना घाई अजिबात करू नका. ग्रँड कॅन्यन व्हिलेज या साउथ रिमवरच्या मुख्य वस्तीपासून साधारण 25 मैल लांब आहे पण गाडी असेल तर जाच, सकाळी लवकर गेलात तर अजून छान.

ब्राइट एंजल लॉजमधली शेकोटी तर कमालच, कॅन्यनमधले दगडाचे थर खालून वर त्याच क्रमाने रचलेत, मुलांना भूगोल समजवायला याहून भारी जागा नाही. आणि हर्मिट्स रेस्ट या तिच्याच आणखी एका इमारतीत कॉफी घेऊन त्या प्रचंड दगडी फायरप्लेसपाशी थोडा वेळ बसा. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.