समुद्री टाकीसाठी रिफ्रॅक्टोमीटर : वर्षभराच्या वापरानंतर

गोड्या पाण्यातले गप्पी आणि टेट्रा अनेक वर्षे सांभाळल्यानंतर गेल्या वर्षी मी क्लाऊनफिशच्या जोडीसाठी शंभर लिटरची समुद्री टाकी लावली आणि क्षारता मोजण्यासाठी हलत्या काट्याचा, प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर आणला. त्याच्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसते. हे ध्यानात येईपर्यंत मी त्या आकड्यावर विसंबून टाकीत साधे पाणी घालत राहिलो होतो. मासे तगले, ही त्यांची कृपा. सफाई करणारी कोळंबी मात्र गेली. त्यानंतर घेतलेल्या, हातात धरायच्या रिफ्रॅक्टोमीटरचे, म्हणजे पाण्यातून जाताना प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाचे, हे परीक्षण आहे.

वापर सोपा आहे. प्रिझमवर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण लावायचे, थेंब प्रिझमच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा मिनिट थांबायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. वरचा निळा आणि खालचा पांढरा भाग जिथे मिळतो, तो आकडा वाचायचा. समुद्री टाकीसाठी ही रेषा दर हजारी ३५ वर (हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या (साध्या पाण्याच्या तुलनेत घनतेच्या) मोजपट्टीवर सुमारे १.०२६ वर हवी.

माझी तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे. डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळवा, एवढेच त्यात सांगितले आहे. पण स्वस्तातली बरीच उपकरणे साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात आणि त्यांच्यावर दर हजारी ३५ क्षारतेचे समुद्राचे पाणी साडेछत्तीसच्या आसपास दिसते. त्यामुळे शून्यावर जुळवून निर्धास्त राहणारा माणूस पाणी नकळत पातळ करत जातो, म्हणजे हायड्रोमीटरने माझी जी गत केली तीच पुन्हा. यावर उपाय असा की ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावे आणि त्या द्रावणावर स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणावी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भरवसा नसेल तर तयार द्रावणाची बाटली घ्यावी. माझे उपकरण असे जुळवल्यापासून रीडिंगबाबत शंका आलेली नाही.

पुण्याच्या एप्रिलमध्ये माझ्या टाकीतून रोज एक-दीड लिटर पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते. तीन दिवस बाहेरगावी राहून परतलो तेव्हा रेषा ३५ वरून साडेछत्तीसवर गेलेली दिसली आणि चार लिटरहून अधिक साधे आरओ पाणी, थोडेथोडे करून, घालावे लागले. जुन्या काट्यावर एवढा फरक मला खात्रीने वाचताच आला नसता.

प्रिझम दर वेळी साध्या पाण्याने पुसावा लागतो, नाहीतर मिठाचा पांढरा थर बसून पुढचे रीडिंग जास्त येते. सोबतचा पेचकस इतका लहान आहे की माझा दुसऱ्याच महिन्यात हरवला. चष्मा दुरुस्तीचा पेचकस त्या स्क्रूला नीट बसतो.