सोया मेणबत्ती: थंडी, उन्हाळा आणि पाऊस पाहिल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारणं मागून. सोया मेणाची मेणबत्ती चांगली आहे, पण छताला पंखा असलेल्या घरात ती सहजासहजी नांदत नाही. गेल्या दिवाळीपासून आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये काचेच्या जारमधल्या, वेगवेगळ्या छोट्या उत्पादकांच्या मेणबत्त्या लावतेय. वात वाकडी जळते, काच काळी होते, मेण एकाच बाजूला वितळतं, या सगळ्या तक्रारी मेणाच्या नावावर खपतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त पंख्याच्या असतात.

सोया मेण म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. डालडाही असाच गोठवतात. मेणबत्तीसाठी ते अमेरिकेत 1990 च्या दशकात रुळलं, त्याआधी बहुतेक कारभार पॅराफिनचा, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या मेणाचा. जारमध्ये ओतायचं सोया मेण साधारण 45 ते 50 अंशांना वितळतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यातून कळतं. मऊ असल्यामुळे हे मेण उभ्या मेणबत्तीला एकट्याने पेलत नाही, त्याला जार लागतोच. आणि एप्रिलमध्ये कुरियरने मागवलेला जार उघडला तर मेण एका बाजूला कलंडून गोठलेलं आणि वर तेलाचे थेंब. विक्रेत्याने बदलून दिला नाही. थेंब टिश्यूने टिपून घेतले, लावल्यावर ती नीट जळली, पण भेट द्यायला आणली होती ती देता आली नाही.

सगळ्यात महत्त्वाची असते ती पहिली वेळ. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण काचेच्या कडेपर्यंत पूर्ण वितळेपर्यंत विझवायची नाही. जार जितका इंच रुंद, साधारण तितके तास धरा. म्हणजे तीन इंची जारला तीन तास. आमच्याकडे सासूबाईंना तिचा वास फार आवडला. त्यांनी ती तिन्हीसांजेला देवाच्या दिव्याबरोबर लावायची आणि शुभंकरोती झालं की झाकण ठेवून शांत करायची, असा नेम धरला. आठवड्याभरात वातीभोवती अंगठा जाईल एवढं खोल भोक आणि कडेला मेणाची जाड भिंत जशीच्या तशी. एकदा असं झालं की पुढच्या वेळी मेण त्याच वर्तुळापुरतं वितळतं, ज्योत खाली खाली जाते आणि शेवटी आपल्याच मेणात बुडून विझते.

उपाय आहे. ॲल्युमिनियम फॉइल जारच्या तोंडावर कडेने दुमडून बसवायची, मधे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक ठेवायचं. उष्णता आत कोंडते आणि अर्ध्या-पाऊण तासात कडेची भिंत आधी काचेपासून सुटते, मग हळूहळू आत ढासळते. हे चालू असताना समोरून हलायचं नाही. काढताना फॉइल चांगलीच तापलेली असते, सांडशी घ्या. सासूबाईंना आता संध्याकाळसाठी निरांजनच बरं वाटतं, आणि दहा मिनिटांच्या कामाला तेच योग्य आहे.

आता पंखा. वाऱ्याने ज्योत एका बाजूला कलते, तिकडचं मेण पळतं, तिकडचीच काच काळवंडते आणि तापते. एकाच बाजूने तापलेली काच तडकायची भीती असते. एसीचा झोत थेट मेणबत्तीवर असला तरी तेच. डिसेंबर-जानेवारीत प्रश्न नाही, पंखा बंदच असतो. पण मे महिन्यात पंख्याशिवाय तीन तास कोण बसणार? दुसऱ्या खोलीत लावून इकडे बसू, हा विचारही नको, पेटती मेणबत्ती नजरेआड ठेवायची नाही. उन्हाळ्यात आम्ही सरळ बंद ठेवल्या. वरच्या बल्बच्या उष्णतेने मेण वितळवणारे दिवे मिळतात. त्यात ज्योत नसते, पंखा चालतो. मैत्रिणीकडे पाहिला, वास छान येतो, पण मला ज्योत हवी असते.

वात दर वेळी लावण्याआधी, मेण गार असताना, पाच-सहा मिलिमीटरवर कापायची. निरांजनाची काजळी झाडतो तेवढ्याच सवयीने. जार अर्धा संपला की कात्री आत वळत नाही, नेलकटर चालतं. न कापलेल्या वातीच्या टोकाला काजळीची गुठळी धरते, ज्योत उंच होऊन फडफडते आणि धूर सुटतो. एका वेळी चार तासांच्या वर जाळू नका.

पावसाळ्यात कपाटातला एक जार काढला तर मेणावर पांढुरके ठिपके. शेजारच्या काकू म्हणाल्या, बुरशी आली, टाकून दे. बुरशी नव्हे, सोया मेणाचे स्फटिक असतात ते. बोटाने पुसून जात नाहीत, वासात किंवा जळण्यात काही फरक पडत नाही.

वासाबद्दल खरं सांगायचं तर पॅराफिनच्या मेणबत्तीइतका तो घर भरून टाकत नाही. शिवाय ओतल्यावर साधारण दोन आठवडे मुरली तर वास खुलतो. दिवाळीच्या गर्दीत ताज्या ताज्या विकल्या जातात, त्या घरीच थोडे दिवस झाकून ठेवाव्यात. आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ वाचून भुलू नका. मेण सोयाबीनचं असलं तरी सुगंध बहुतेक वेळा प्रयोगशाळेतलाच असतो. ‘सोया ब्लेंड’ लिहिलं असेल तर त्यात दुसरं मेणही आहे. अजिबात काजळी नाही, हा दावाही खोटा. ज्योत म्हटली की थोडी काजळी आलीच. विझवल्यावर खिडकी उघडा. घरात मांजर किंवा पक्षी असेल तर टी ट्रीसारख्या तीव्र तेलांच्या मेणबत्त्या टाळलेल्याच बऱ्या.

जार लाकडी देव्हाऱ्यात किंवा फळीखाली ठेवायचा नाही, पडद्याजवळ तर नाहीच. खाली फरशीचा तुकडा किंवा जाड ताटली हवी. विझवायला झाकण, फुंकर नको. फुंकरीने गरम मेण उडतं, आणि आपल्याकडे तशीही दिव्यावर फुंकर मारत नाहीत. मेणानेच पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, कढईतल्या पेटलेल्या तेलासारखा भडका उडतो. झाकण किंवा स्टीलचं ताट वर ठेवा आणि गार होईपर्यंत हात लावू नका.

खर्चाचं म्हणाल तर 200 ग्रॅमचा जार मला सहाशेच्या आसपास पडला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी-नंतर वजन केलं, तासाला सुमारे पाच ग्रॅम मेण जातं. म्हणजे चाळीस तासांच्या आत-बाहेर, तासाला पंधरा रुपये. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबायचं, नाहीतर ज्योतीची धग थेट काचेच्या बुडाला लागते. उरलेलं मेण गरम पाण्यात जार ठेवून सैल करा आणि कागदाने पुसून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलंत तर पाइपात गोठतं आणि प्लंबर सहाशेत येत नाही. पुसून झाल्यावर साबणाने जार स्वच्छ निघतो. माझ्याकडे त्यांत आता जिरं, मोहरी आणि ओवा आहे. लव्हेंडरच्या जारातला ओवा मात्र अजून लव्हेंडरचाच लागतो.